फाईलचं नाव ‘अंतिम’

ताई, सप्रेम नमस्कार.

सहा वर्षांपूर्वी, मुलगी तीन महिन्यांची असताना, मी आणि नवऱ्याने एक अख्खा रविवार बसून घराचं आर्थिक नियोजन केलं. उत्पन्नाच्या २० टक्के बचत. त्यातले ६० टक्के शेअरच्या फंडांत, ४० टक्के सुरक्षित योजनांत. दोघांचा मुदत विमा, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला. उद्दिष्टं तीन : मुलीचं उच्च शिक्षण, मोठं घर, निवृत्ती. एक्सेलची फाईल केली आणि तिला नाव दिलं ‘अंतिम’. नवऱ्याने ती त्यानंतर एकदाही उघडलेली नाही. तो म्हणतो, योजना चांगली आहे, पैसे दरमहा आपोआप कापले जातात, मग पुन्हा पुन्हा उकरून काय मिळणार? कापली जाणारी रक्कमही पहिल्या दिवशी ठरवलेलीच आहे. माझं उलट. मी फोनवरच्या ॲपमध्ये दिवसातून चार-पाच वेळा आकडा बघते. तो खाली गेला की कशात मन लागत नाही, दोनदा तर घाबरून फंडही बदलले. परवा यावरून मोठं भांडण झालं. मधल्या काळात मी वर्षभर नोकरी सोडून पुन्हा धरली, सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि मोठ्या घराचा विषय आता कुणी काढत नाही. योजना किती दिवसांनी तपासायची असते? आणि आमच्यात बरोबर कोण?

– पाच वेळा बघणारी

नमस्कार,

भांडणाचा निकाल आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं दोघांना मिळून वाचता येईल. तुमच्यापैकी योजना कुणीच तपासत नाही. मिस्टर फाईल उघडत नाहीत, ते तर दिसतंच आहे. पण तुम्ही दिवसातून पाच वेळा जी नाडी बघता ती बाजाराची. घराची नाडी सहा वर्षांत कुणी पाहिलेली नाही. सामना बरोबरीत सुटला असं समजा आणि पुढे चला.

त्या रविवारी फाईलमध्ये काय काय भरलं होतंत ते आठवून बघा. महागाई अमुक टक्के राहील. पगार दरवर्षी इतका वाढेल. दोघंही सलग नोकरी करू. घरात माणसं तीन. मोठं घर हवं. हे सगळे अंदाज होते, आणि अंदाज एकदा एक्सेलच्या चौकटीत जाऊन बसले की हिशेबासारखे दिसायला लागतात. वर फाईलचं नाव ‘अंतिम’! योजना तपासायची म्हणजे त्या प्रत्येक अंदाजापुढे आज खरं काय आहे ते लिहायचं. तुमच्या पत्रातच पाहा ना. नोकरीत वर्षाचा खंड पडला, घरात एक माणूस वाढलं, मोठ्या घराची हौस ओसरली. तीन अंदाज चुकले, आणि ॲपवरचा आकडा त्यातल्या एकाबद्दलही चकार शब्द काढत नाही.

तुमच्या सवयीबद्दल थोडं बोलते, कारण ती महागात पडते. शेअर बाजार वर्षानुवर्षांच्या हिशेबात चढत आलेला असला, तरी रोज पाहिलं तर जवळजवळ निम्मे दिवस लाल दिसतात. आणि माणसाचा स्वभाव असा की शंभर मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख जास्त टोचतं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हे १९७९ मध्ये मांडलं. पुढे या दोघांनी रिचर्ड थेलर आणि ॲलन श्वार्ट्झ यांच्यासोबत केलेला एक प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना दोन फंड दिले, एक चढउताराचा, एक शांत. काहींना निकाल वारंवार दाखवले, काहींना बऱ्याच काळाचा एकत्र. ज्यांनी निकाल सगळ्यात जास्त वेळा पाहिले त्यांनी चढउताराच्या फंडात सगळ्यात कमी पैसे ठेवले, आणि शेवटी कमाईही त्यांचीच सगळ्यात कमी झाली. फंड सगळ्यांना तेच होते. नुसत्या बघण्याने एवढा फरक पडला.

बघून गप्प बसलं तरी एक वेळ चालेल, पण बघितलं की हात शिवशिवतात. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरच्या ६६,४६५ ग्राहक-कुटुंबांचे १९९१ ते १९९६ या काळातले व्यवहार तपासले होते. त्या काळात बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले. सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्या कुटुंबांच्या हाती ११.४ टक्के आले. तुम्ही दोनदा घाबरून फंड बदललेत ना, ते दोन्ही व्यवहार फाईलमध्ये लिहून ठेवा : तारीख, कुठून कुठे, त्या दिवशी मनात काय होतं, आणि आधीचा फंड तसाच ठेवला असता तर आज किती झाले असते. स्वतःला बोल लावायला हे सांगत नाही. पुढच्या वेळी हात शिवशिवले की उघडायला आपल्याच अक्षरातलं एक पान जवळ असावं, एवढंच. ॲप फोनवरून काढा म्हटलं तर तुम्ही काढणार नाही, मला ठाऊक आहे. निदान त्याच्या सूचना बंद करा.

आता मिस्टरांकडे वळू. त्यांची बाजू वाटते तेवढी कच्ची नाही. पैसे आपोआप कापले जाण्याची सोय ही योजनेतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. ती नसती तर सहा वर्षं बचत टिकली असती का, शंकाच आहे. आणि विसरून जाण्यात ते एकटेही नाहीत. १९८८ मध्ये विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी माणसाला आहे तेच पुढे चालू ठेवायला किती आवडतं याचा अभ्यास केला. त्यात अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या निवृत्तिनिधीची आकडेवारी होती. किमान निम्म्या सभासदांनी आपल्या पैशांची विभागणी उभ्या कारकिर्दीत एकदाही बदललेली नव्हती. हे शिकवणारे लोक, बरं का!

पण आपोआप कापली जाणारी रक्कम आपोआप वाढत नाही. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. कापली जाणारी रक्कम ‘पहिल्या दिवशी ठरवलेलीच आहे’. तुमचं उत्पन्न वर्षाला सरासरी ८ टक्क्यांनी वाढलं असं धरू. सहा वर्षांत १०० चे १५९ झाले. पहिल्या वर्षी १०० मधले २० बाजूला पडत होते, आज १५९ मधलेही २०च पडतात. म्हणजे २० टक्के बचत आता साडेबारा टक्क्यांवर आली आहे. कुणी काही चूक केली नाही, उधळपट्टी केली नाही, फाईलमध्ये अजून २० टक्केच लिहिलेलं आहे. बाकीचं गेलं कुठे? खर्चात. तेही कुणाच्या नकळत.

याचा परिणाम किती मोठा होतो ते एकदा मांडूनच दाखवते. वर्षाला १०० अशी बचत २० वर्षं केली आणि १० टक्के परतावा मिळाला, तर शेवटी साधारण ५,७३० जमतात. तीच बचत उत्पन्नाबरोबर दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवत नेली, तर जमतात १०,३३० च्या आसपास. जवळजवळ १.८ पट. कुठला फंड चांगला यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालतात, पण बरा फंड निवडून एवढा फरक पाडणं भल्याभल्यांना जमत नाही. इथे तो वर्षातून एकदा एक आकडा बदलून पडतो. पगारवाढीच्या पहिल्याच महिन्यात बदला, कारण वाढीव पैशाची सवय लागायला एक महिना पुरतो. नोकरीत खंड पडला ते वर्ष मात्र सोडून द्या. तेव्हा बचत थांबली असेल तर त्याची टोचणी नको.

याच रीतीने बाकीच्या ओळींवरून हात फिरवा. बाजूला ठेवलेली सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम घ्या. खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला असेल आणि रकमेला हात लावला नसेल, तर व्याज सोडून ती आज सव्वाचार महिन्यांची झाली आहे. त्यात घरात माणूस वाढलंय, तेव्हा सव्वाचारही नसेल. विमा उत्पन्नाच्या दहापट घेतला असेल तर तो आज सव्वासहापट आहे. इथे मात्र लगेच एजंटला फोन लावू नका. विमा किती लागतो ते पटीवर ठरत नाही. तुम्ही उद्या नसाल तर मागच्यांना किती वर्षं, किती खर्च भागवावा लागेल, डोक्यावर कर्ज किती आहे, आणि यातून आजवरची शिल्लक वजा केली की उरतं किती, यावर तो ठरतो. शिल्लक वाढत गेली की विम्याची गरज कमीही होते. तुमचं गणित वाढण्याच्या बाजूचं असेल असा माझा अंदाज आहे, पण मांडून बघा.

आणि ‘विमा आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. माझीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मी माझ्या वार्षिक तपासणीला बसले आणि हप्ता शेवटचा कधी गेला ते पाहायला बँकेचं स्टेटमेंट काढलं. त्यात हप्ताच नव्हता. वर-खाली तीनदा पाहिलं. झालं असं होतं की मी खातं बदललं, नव्या खात्याला हप्त्याची सूचना जोडायची राहून गेली, आणि कंपनीने पाठवलेल्या आठवणी जुन्या नोकरीच्या ईमेलवर जात राहिल्या, जो पत्ता केव्हाच बंद झाला होता. सवलतीची मुदत संपून पॉलिसी बंद पडली होती, त्याला तीन आठवडे झाले होते. पुन्हा चालू करायला आरोग्याची माहिती नव्याने भरून द्यावी लागली. तीन आठवडे मी विम्याविना हिंडत होते आणि माझ्या फाईलमध्ये मात्र ‘विमा : आहे’ असं हिरव्या रंगात लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी त्या रकान्यात ‘आहे’ लिहीत नाही, शेवटचा हप्ता गेल्याची तारीख लिहिते.

नॉमिनीचं तसंच. खाती, विमा, निवृत्तिनिधी, फंड, सगळ्यांच्या अर्जांत कुणाची नावं आहेत ते प्रत्यक्ष उघडून पाहा. आठवणीवर जाऊ नका. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर आई-वडिलांची नावं तशीच असतात, आणि तुमच्या मुलीचं नाव तर कुठेच नसण्याची शक्यता जास्त. अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयात ड्यूपॉन्ट कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण गेलं होतं. घटस्फोटाच्या वेळी पत्नीने त्याच्या बचत योजनेवरचा हक्क सोडला होता, पण त्याने योजनेच्या अर्जावरचं तिचं नाव बदललं नाही. तो २००१ मध्ये वारला. सुमारे ४ लाख २ हजार डॉलर त्या जुन्या पत्नीला मिळाले. मुलीने दावा लावला, आणि २००९ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की योजनेने अर्जावर जे नाव आहे त्याप्रमाणेच पैसे द्यायचे. नियम देशोदेशी निराळे. कुठे नॉमिनी मालक होतो, कुठे तो वारसांच्या वतीने नुसता सांभाळणारा असतो. पण अर्ज बदलायला दहा मिनिटं लागतात आणि न बदलल्यास वर्षं जातात, हे सगळीकडे सारखंच.

आता ज्या भागापाशी बहुतेक घरं अडखळतात, तिथे येऊ. उद्दिष्टं.

तुम्ही लिहिलंत की मोठ्या घराचा विषय आता कुणी काढत नाही. हे वाक्य मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कारण विषय निघत नसला तरी त्या घरासाठी दर महिन्याला पैसे कापले जातच आहेत. ज्याची इच्छा उरलेली नाही त्या घराचा हप्ता तुम्ही भरताय म्हणा ना. माझ्या अनुभवात नवरा-बायकोला नवं उद्दिष्ट ठरवणं सोपं जातं, जुनं सोडून देणं जड जातं. सोडायचं म्हणजे सहा वर्षांपूर्वीचे आपण चुकलो असं कबूल केल्यासारखं वाटतं. शिवाय प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याला ते अजून हवं असेल. मग दोघंही एकमेकांचं मन राखत गप्प. तेव्हा सरळ विचारा : ‘तुला अजून मोठं घर हवं आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर त्या ओळीवर रेघ मारा आणि बाजूला तारीख घाला. ‘हो, पण आत्ता नाही’ असेल तर वर्ष पुढे ढकला. ‘हो’ असेल, तर मग एवढे दिवस गप्प का होतो यावर एक संध्याकाळ जाईल. जाऊ द्या.

सासूबाई आल्या आणि फाईलमध्ये त्यांच्या नावाची ओळच नाही. वयस्क माणसाचा खर्च महिन्याच्या हिशेबात फार दिसत नाही, तो एकदम येतो. दवाखाना, शस्त्रक्रिया, घरात पूर्णवेळ सोबत. म्हणून महिन्याच्या खर्चात चार आकडे वाढवून भागणार नाही, त्यांच्या आरोग्यासाठी वेगळी रक्कम आणि वेगळा विमा लागेल, आणि उतारवयात नवा विमा महाग पडतो किंवा मिळतच नाही. मोठ्या घराची ओळ खोडलीत तर तिथले पैसे इकडे वळवता येतील. एका इच्छेचे पैसे दुसऱ्या गरजेच्या कामी आले, इतकं साधं. हे करताना कुणावर उपकार केल्याचा सूर मात्र घरात येऊ देऊ नका. कामाची विभागणी बोलताना ‘तुझी आई’ आणि ‘माझे पैसे’ हे दोन शब्दप्रयोग वर्ज्य.

मुलीच्या शिक्षणाचं काय? तिथे वेळेचा खेळ आहे. त्या वेळी तुम्ही शिक्षणाचा खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढेल असं धरलं असेल, तर तेव्हाची १०० ची गोष्ट १८ वर्षांनी २८५ ला पडते. वाढ ८ टक्के निघाली तर तीच ४०० ला. फरक ११५ चा. तो आज, मुलगी सहा वर्षांची असताना लक्षात आला, तर १० टक्के परताव्याने वर्षाला साधारण साडेपाच जादा टाकून बारा वर्षांत भरून निघतो. ती पंधरा वर्षांची झाल्यावर लक्षात आला तर वर्षाला पस्तीसच्या आसपास टाकावे लागतील. तेही १० टक्के मिळाले तर, आणि तीनच वर्षं हातात असताना पैसा शेअरमध्ये ठेवणं मुळात धोक्याचं. दरवर्षी बसायचं ते यासाठी. चूक होणारच असते, ती लहान असताना सापडली तर चिमटीत मावते.

६०-४० च्या प्रमाणाबद्दल फार लिहीत नाही, कारण तपासणी म्हटलं की लोकांच्या डोक्यात तेवढंच येतं. शेअर वर्षाला १२ टक्के आणि सुरक्षित भाग ६ टक्के वाढला तर पहिल्या दिवशी टाकलेल्या पैशांतले ६० टक्के सहा वर्षांत साडेसदुसष्टपर्यंत गेले असतील. आभाळ कोसळलेलं नाही. पण असंच दुर्लक्ष करत पंधरा वर्षं गेली तर ते ७७ वर जातं, आणि तेव्हा तुमचं वयही वाढलेलं असतं, बाजार आपटला तर सावरायला वेळ कमी असतो. ठरवलेल्या प्रमाणापेक्षा पाचेक टक्क्यांनी इकडेतिकडे झालं तर ओळीवर आणायचं, असा नियम घाला. आणताना आधी नवे पैसे मागे पडलेल्या भागात टाका, विक्री शेवटी, कारण विक्रीवर कर आणि शुल्क दोन्ही लागू शकतात. अचूक प्रमाण कोणतं यावर झोप घालवू नका. गुंतवणुकीची विभागणी कशी करावी याचं गणित १९५२ मध्ये ज्याने मांडलं आणि त्यासाठी १९९० मध्ये नोबेल मिळवलं, त्या हॅरी मार्कोविट्झने स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांचे सरळ दोन समान भाग केले होते. अर्धे शेअर, अर्धे रोखे. पुढे पश्चात्ताप कमी व्हावा म्हणून.

किती दिवसांनी, हा तुमचा मूळ प्रश्न. वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला. बाजार चढलेला असो की पडलेला, त्या तारखेला बसायचं. तारीख आधी ठरलेली असली म्हणजे भीतीने किंवा हुरळून बसणं होत नाही. मधे सहा महिन्यांनी अर्धा तास पुरे : हप्ते जातात ना, शिल्लक आहे ना, बास. आणि घरात मोठं काही घडलं तर तारखेची वाट बघायची नाही. मूल, लग्न, घटस्फोट, मृत्यू, नोकरी जाणं-येणं, मोठं आजारपण, वारशाने आलेला पैसा, नवं कर्ज. यातलं काही घडलं की विमा, नॉमिनी आणि बाजूची रक्कम, हे तीन लगेच बघा. बाकीचे मोठे निर्णय उलट दोन-तीन महिने थांबवा, विशेषतः कुणी गेल्यावर. दुःखात सह्या मागणारे फार लवकर येतात. बाजार पडला, कुणी मित्राने सांगितलं, बातम्यांत काही आलं, ही कारणं या यादीत नाहीत हे तुम्ही ओळखलंच असेल.

कुणी ‘मोफत तपासणी करून देतो’ म्हणाला तर एकच विचारा : या तपासणीतून तुम्हाला पैसे कशातून मिळतात? उत्तर नव्या योजनेच्या विक्रीतून येत असेल, तर तपासणीच्या शेवटी नवी योजना निघणारच. फी घेऊन सल्ला देणारा माणूस सुरुवातीला महाग वाटतो, पण तो ‘काही बदलू नका’ असंही सांगू शकतो. चांगल्या वर्षांत योजनेला हवं असतं तेही हेच.

बसायचं कसं? फोन दुसऱ्या खोलीत. पहिल्या पानावर आपल्याजवळ जे आहे त्यातून जे देणं आहे ते वजा करून एक आकडा, दरवर्षी त्याच तारखेचा. मग तीन रकाने : तेव्हा काय धरलं होतं, आज काय आहे, पुढे काय करायचं. यात मिस्टरांनी वाचायचं आणि तुम्ही लिहायचं, म्हणजे त्यांना फाईल उघडावी लागेल आणि तुमचे हात गुंतलेले राहतील. दोघांनाही सगळं कुठे आहे ते कळणं हा यातला मोठा फायदा, कारण आज तुमच्या घरात एकाला भाव ठाऊक आहेत, दुसऱ्याला बहुधा पासवर्डही आठवत नसतील. शेवटी बदल ठरवायचे ते जास्तीत जास्त तीन, आणि प्रत्येकापुढे कोण करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत हे लिहायचं. तपासण्या फसतात त्या शेवटच्या टप्प्यावर. निर्णय चोख होतो आणि अर्ज टेबलाच्या कप्प्यात राहतो.

सहा वर्षांचं साचलेलं असल्यामुळे पहिली बैठक लांबेल. दोन रविवार धरा. पहिल्यात नुसतं जमा करायचं, काहीही बदलायचं नाही. दुसऱ्यात ठरवायचं. मधल्या आठवड्यात मनात बरंच काही मुरतं. ‘अंतिम’ ही फाईल पुसू नका, तिच्यावर लिहूही नका. प्रत करा आणि तिला वर्षाचं नाव द्या.

आणि पहिल्या रविवारच्या आधी सासूबाईंशी बोला. त्यांची पेन्शन, ठेवी, विमा, औषधं, कुणाचं नाव कुठे आहे, त्यांना काय हवं आहे. विषय मिस्टरांनी काढावा, मुलाने विचारलेलं आईला बरं वाटतं. तुम्ही शेजारी बसा. त्यांच्या पिशवीतून एखादी जुनी वही निघाली, आणि तिच्यात सगळं तारीखवार लिहिलेलं सापडलं, तर मला आश्चर्य वाटणार नाही.